सोंगाड्याची साक्ष

दिगंबर मेस्त्री एकवीस वर्षांनी माझ्यासमोर आला तो श्वास द्यायला.

श्वास देणं आता रक्त देण्याइतकंच साधं झालं आहे. आमच्या श्वासवही केंद्रात रोज दहा-बारा माणसं येतात, काचेच्या नळीला तोंड लावतात, पोटापासून एक लांब उच्छ्वास सोडतात आणि सही करून जातात. मी तिथली तंत्रसहायक. नळी धरायची, बूच लावायचं, चिठ्ठी चिकटवायची, बुरशीचे काप यंत्रात घालायचे, ही माझी कामं. त्या दिवशी अर्जावरचं नाव वाचलं आणि मी शेजारच्या बाईंना हळूच म्हटलं, "हा जरा तुम्ही घ्या."

"नको," दिगंबर म्हणाला. "नळी शामलनच धरूची."

केस पिकले होते, हात मात्र तेच, रंध्याने घट्टे पडलेले. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला यात काय डाव साधायचा आहे? मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं दूध मी अजून नखावर थेंब टाकून बघते. पण आयुष्यात माझा संशय सगळ्यात जास्त टिकला तो याच माणसावर.

आमचं गाव धावडकोंड, घाटाच्या पायथ्याचं. गावाच्या वर पावणाईची देवराई. तिथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं, हा नियम. देवीची पूजा आमच्या घराण्याकडे. माझे वडील भिकाजी गुरव, मी त्यांना आबा म्हणते. पावणाई म्हणजे एक उभी शिळा, आणि तिला राळेने चिकटवलेले दोन चांदीचे डोळे. २०१९ साली, कार्तिकातल्या जत्रेच्या चार दिवस आधी, सकाळी आबा देवराईतून धापा टाकत आले. डोळे गेले होते. आदल्या संध्याकाळी होते, असं त्यांनी गावाला सांगितलं.

देवराईत कारण नसताना जाणारा माणूस गावाला एकच ठाऊक होता, दिगंबर. सुताराची नजर लाकडावर, आणि त्याच्या पिशवीत पटाशी. तरी गावाने उगाच आळ घेतला नाही, रीतसर कौल लावला. आबांनी गावातल्या खालच्या देवळात ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि विचारलं, डोळे दिगंबराने नेले काय? उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होय. दिगंबरने गर्दीत मला शोधलं आणि मी मान फिरवली.

मान फिरवायला मला कारण होतं. तो देवराईत जायचा ते मला भेटायला, हे गावात कुणाला माहीत नव्हतं. जत्रा झाली की घरी लग्नाचं बोलायचं ठरलं होतं. आणि महिनाभरापूर्वीच त्याने मला सहज विचारलं होतं, हे डोळे खऱ्या चांदीचे काय गो? तो प्रश्न मी एकवीस वर्षं जपून ठेवला. तो गोव्यात निघून गेला, परत आला नाही, आणि न येणं हासुद्धा मी पुरावाच मानला.

"अर्ज वाचलंस?" नळीवरून तोंड काढत तो म्हणाला.

"वाचला."

"आईक एकदा पावणायची ओटी भरूची आसा. त्र्याऐंशीची झाली ती. गाव म्हणता, आदी तुज्या झिलाचां नाव साफ होऊंदे."

मी बूच लावलं. काही लोक मुद्दाम उथळ श्वास देतात, मग यंत्र चाचपडतं. त्याने दिलेला श्वास अगदी तळापासूनचा होता. तेही मला खटकलंच.

श्वासवही म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर फळीसारखी एक कडक बुरशी वाढते. तिला आम्ही फणसांबा म्हणतो. लहान मुलाचं तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावतात. झाड आडवं पडलं तरी फणसांबा पंचवीस-तीस वर्षं वाढत राहतो आणि दरसाल खालच्या अंगाला एक नवा थर धरतो. पावसाळ्यातला थर जाड आणि मऊ, उन्हाळ्यातला पातळ आणि टणक. भिंगाखाली धरलं तर त्यात रोजच्या वाढीच्या बारीक रेघाही दिसतात.

या फणसांब्यात एक भुंगेरा राहतो. चिंचोक्याएवढा, काळपट, खरबरीत, झाडाच्या सालीचा तुकडाच वाटावा असा. हात लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो, म्हणून गावात त्याला सोंगाड्या म्हणतात. त्याचा सगळा संसार त्या बुरशीत. मादी फणसांब्याच्या पाठीवर एकेक अंडं घालते आणि त्यावर आपल्याच विष्ठेचा लेप देते. अळी आत बोगदे पाडत बुरशी खाते, तिथेच कोष करते, आणि भुंगेरा होऊन बाहेर आली तरी पुढची सात-आठ वर्षं त्याच खोडावर काढते. दिवसा फटीत, अंधार पडला की चरायला. नरांना दोन शिंगं असतात, त्यांच्या मादीवरून मारामाऱ्या चालतात. हातभर लांबच्या दुसऱ्या फणसांब्यावर जायचं म्हटलं तरी हा दहा वेळा विचार करतो.

याला भीती एकाच गोष्टीची. फणसांबा कुरतडायला एखादं जनावर आलं, तर त्याच्यासकट खाऊन टाकेल. जनावर जवळ आलं हे त्याला कळतं ते श्वासावरून. नुसत्या वाऱ्याला तो भीक घालत नाही. फुंकर मारा, ढिम्म. पण तोंड उघडून हाऽ असा ऊन, दमट श्वास सोडा, की शेपटाकडून कडू वासाचा तपकिरी थेंब सोडतो. हे मला पहिल्यांदा दाखवलं दिगंबरनेच, देवीच्या शेजारी आडव्या पडलेल्या फणसावर बसून. तेव्हा तो आमचा खेळ होता.

पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की तो थेंब फणसांब्याच्या मऊ अंगावर पडला की तिथली बुरशी चामड्यासारखी कमावली जाते, आणि त्या क्षणी हवेत जे असेल ते तिच्यात अडकून पडतं. आपल्या उच्छ्वासात शेकडो वायू असतात. त्यांतल्या वीसेकांचं आपसातलं प्रमाण माणसागणिक वेगळं असतं आणि वयाप्रमाणे फारसं बदलत नाही. वर नवा थर चढला की ती खूण बंद. म्हणजे किती तारखेला कोण जवळ येऊन श्वास घेत होतं, याची नोंद हा किडा बुरशीत करून ठेवतो. पडलेलं लाकूड कुणी उचलत नाही अशा जागा आता देवरायांशिवाय उरलेल्या नाहीत, म्हणून या वह्या सापडतात त्या देवाच्या दारात.

आधी यावर खवलेमांजरांची गणती झाली. मग पोलीस आले, मग कोर्ट. आमच्या अहवालाच्या शेवटी एक वाक्य छापलेलंच असे: खूण नाही, म्हणजे माणूस नाही. परजिल्ह्यात एका वनमजुराच्या खुनाच्या खटल्यात या वाक्यावर एक जण सुटलाही होता.

देवराईतून फणसांब्याची पेन्सिलीएवढी कांडी काढायची तर देवीची परवानगी हवी. पुन्हा कौल, खालच्या देवळातच. आबा आता एक्याऐंशीचे आहेत, हात थरथरतात, तरी पाकळ्या त्यांनीच लावल्या. उजवी पडली. आमचे प्रमुख डॉ. ओजस टिळेकर पुण्याचे, वय जेमतेम तेहतीस. त्यांनी हे सगळं फोनमध्ये टिपून घेतलं आणि मला म्हणाले, "शामलताई, तुमच्याकडे परवानगी आमच्या मंत्रालयापेक्षा लवकर मिळते."

तिसऱ्या दिवशी निकाल पडद्यावर आला. टिळेकर खुर्ची ओढून बसले, मी मागे उभी.

"हे तुमचे मेस्त्री," ते म्हणाले. २०१८ च्या फाल्गुनापासून दिगंबरच्या खुणा होत्या, आठवड्याला एक, कधी दोन. "पण ही काय भानगड? प्रत्येक वेळी शेजारी कर्मचारी क्रमांक चार. नमुन्यात कुणाचा तरी श्वास मिसळलाय. क्रमांक चार कोण?"

आम्हा सगळ्यांचे श्वास यंत्रात साठवलेले असतात, काम करताना आमचा वारा लागला तर तो वगळता यावा म्हणून. क्रमांक चार मी.

"मिसळलेला नाही," मी म्हटलं. "थर बघा. मधला आहे, त्याच सालातला."

त्यांनी थर पाहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तेहतीस वर्षांच्या मुलापुढे सेहेचाळीस वर्षांच्या बाईने लाजावं तशी मी लाजले. कान तापले. आमचे ते सगळे दिवस तारीखवार पडद्यावर मांडलेले होते, आणि मला रडू येईल की काय अशी भीती वाटली.

"मी दुसऱ्याला देऊ का हे काम?" त्यांनी समजुतीने विचारलं.

"नको. पुढे चला."

शेवटची जोडखूण चोरीच्या आठ दिवस आधीची. त्यानंतर दिगंबरची खूण नव्हती. चोरीच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. आणि त्याच्याच काय, चोरीच्या आसपासच्या चार दिवसांत कोणत्याही माणसाची नव्हती. एक साळिंदर येऊन गेलं होतं, बस.

"सुटला तुमचा माणूस," टिळेकर म्हणाले. तुमचा हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. चांदीचे डोळे काही पाय फुटून गेले नाहीत, मग न्यायला आलं कोण? टिळेकरांच्या मनातही काहीतरी खुपत होतं. त्यांनी पूर्ण कांडी पुन्हा वरखाली केली.

"एक विचारू? रागावू नका. तुमचे वडील रोज पूजेला जातात ना? हा फणसांबा शिळेपासून दीड हातावर आहे. चोवीस वर्षांच्या थरांत त्यांची एकही खूण नाही."

ही बातमी माझ्याआधी गावात पोचली. केंद्रात गाडी चालवणारा आमच्याच वाडीचा, त्याच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांत वाण्याच्या दुकानात चर्चा रंगली की भिकाजी गुरव देवीला फसवतो, वर जातच नाही, वाटेत झाडाखाली बसून विड्या ओढतो. मला हसू आलं. आबांनी ताप अंगात असतानाही पूजा चुकवलेली नाही. ते जातात, पण तोंडाला फडकं बांधून जातात. माणसाचा उष्टा वारा देवीला लागू नये म्हणून ओला पंचा दुहेरी करून नाकातोंडावरून आवळायचा आणि मगच शिळेसमोर उभं राहायचं, ही आमच्या घराण्याची रीत. पूजा बघायला कोणी येत नाही, त्यामुळे गावात ती फारशी कुणाला माहीत नाही. आणि मला ती इतकी माहीत, की सांगण्यासारखं त्यात काही आहे हे चार वर्षं त्या केंद्रात काम करून माझ्या डोक्यात आलं नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून मी प्रयोगशाळेतला एक सोंगाड्या बशीत घेतला. उघड्या तोंडाने हाऽ केलं, लगेच थेंब. मग पंचा भिजवून, पिळून, दुहेरी बांधला आणि पुन्हा हाऽ केलं. काही नाही. दहा वेळा केलं, तीन वेगवेगळे किडे घेतले. एकानेही थेंब सोडला नाही. ओल्या फडक्यात श्वासाची ऊब आणि वाफ दोन्ही मुरत होती.

आबांची अब्रू वाचली म्हणून मी खूश होऊन पंचा सोडायला गेले आणि गाठीवरच हात थांबला.

खूण नाही म्हणजे माणूस नाही, हे खोटं होतं. खूण नाही म्हणजे एक तर माणूस नाही, किंवा तोंड बांधलेला माणूस. चोरी झाली नोव्हेंबर २०१९ मध्ये. जगाने तोंडाला बांधायला सुरुवात केली ती त्याच्या पुढच्या वर्षी. त्या वर्षाच्या खुणा सगळ्याच देवरायांत कमी भरल्या होत्या, आणि टाळेबंदीमुळे लोक फिरकले नाहीत असं आम्ही अहवालात लिहून मोकळे झालो होतो. पण १९ साली, धावडकोंडात, पावणाईपुढे तोंड बांधून उभा राहणारा माणूस एकच होता.

मी खाली बसले. संशयी माणसाचा एक दोष असतो, तो सगळ्या दारांवर पाळत ठेवतो आणि आपल्या घराचं दार त्यात धरत नाही. एकवीस वर्षांत मी दिगंबरवर संशय घेतला, त्याच्या भावावर घेतला, घाटातून येणाऱ्या धनगरांवर घेतला. आबांचं नाव एकदाही मनात आलं नव्हतं.

आणि खरी गोची पुढे होती. दिगंबर सुटत होता तो याच खोट्या वाक्यावर. मी पंच्याची गोष्ट अहवालात लिहिली, की त्याचं सुटणं संपलं. तोही तोंड बांधून गेला असेल, असं कुणीही म्हणेल. नाही लिहिली, तर तो सुटेल, आबा वाचतील, दिगंबरची आई ओटी भरेल, आणि कोर्टांतून हे वाक्य तसंच फिरत राहील. दोन्ही खरं ठेवायचं, तर मला आबांचा शब्द हवा होता.

रविवारी दुपारी आबा पडवीत बसून वाती वळत होते. मी समोर बसले आणि आडवळण न घेता विचारलं.

"आबा, पावणायचे डोळे तुमी काडलात?"

त्यांचा हात थांबला नाही. एक वात पुरी वळून झाली, ती त्यांनी ताटात ठेवली.

"जत्रेक चार दिस होते," ते म्हणाले. "डोळे काळे पडलले. चिंचेन घासूक काडलंय."

"मगे?"

"बावडेच्या काठार बसान घासलंय. हात निसटलो. एक डोळो बावडेत गेलो."

देवराईतली विहीर देवीचीच. तिच्यात उतरायचं नाही, गाळ काढायचा नाही.

"आणि दुसरो?"

आबांनी ताटातल्या वाती सारख्या केल्या. "एकच डोळो लावन देवीक कशी उबी करतलंय? लोक काय म्हणतले? तोय टाकलंय."

"आणि कौल?"

"माजाच नाव येतलां म्हणान हात कापत होतो. गावकारान दिगंबराचां नाव घेतल्यान, उजवी पडली. देवीनच सांगितल्यान. मगे मी कोण तिका खोटी पाडणारो?"

"देवीक म्हायत नव्हतां कोणी टाकले ते?"

"तिच्या मनात काय ता माका काय म्हायत?"

पाकळी कशी पडते ते मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी पाकळ्या भिजवून मीच हातात द्यायची. कमी ओली पाकळी आधी सुटते. जन्मभर कौल लावणाऱ्या बोटांना ते कळत नसेल?

"उजवे पाकळेक पाणी कमी लावलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. "माका आटवत नाय," एवढंच म्हणाले.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कांडी काढायच्या परवानगीचा कौलही त्यांनीच लावला होता. बोटांनी पाकळी हवी तशी पाडता येत असती, तर त्यांनी या वेळी डावी पाडली असती आणि सगळं जागच्या जागी मिटलं असतं. म्हणजे ते खरं बोलत होते. की एकवीस वर्षांनी त्यांनाच हे ओझं नको झालं होतं, आणि म्हणून त्यांनी मुद्दाम उजवी पाडली? माझा बाप मला आता वाचता येत नव्हता. दिगंबर आणि मी भेटत होतो हे त्यांना तेव्हा ठाऊक होतं का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि मी तो गिळला. उत्तर होय आलं असतं तर मी त्या घरात राहू शकले नसते.

"उद्या गावात अहवाल वाचूचो आसा," मी म्हटलं. "तुमी सांगा. नायतर मी सांगतलंय."

ते पुन्हा वाती वळू लागले.

सोमवारी सकाळी गावातल्या खालच्या देवळाच्या मंडपात सगळे जमले. गावकर, म्हणजे गावाचे पुढारी, मधोमध, मानकरी बाजूला, बायका खांबांपलीकडे. दिगंबरची आई खुर्चीवर, मांडीवर ओटीचं ताट झाकून. तो तिच्यामागे उभा. आबा आपल्या नेहमीच्या जागी, मांडी घालून.

टिळेकरांनी अहवाल वाचला. त्या दिवसांत देवीजवळ कोणताही माणूस आला नव्हता, दिगंबर मेस्त्री यांच्यावरचा आरोप शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. मंडपात कुजबुज झाली आणि गावकरांनी दोन्ही हात जोडले.

"म्हंजे देवीनच आपले डोळे मिटल्यान," ते म्हणाले. "आमी उगाच माणसाक दोष दिलाव."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सगळ्यांना सोयीचं होतं ते. चोर नाही, चूक नाही, कौलही फारसा खोटा नाही; देवीची लीला. म्हातारीने ताटावरचं फडकं बाजूला केलं. मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी मनात दहा आकडे मोजले. मग उठले.

"खूण नाही म्हणजे माणूस नाही, हे अहवालातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे," मी म्हटलं. "यातून दिगंबर सुटत नाही."

टिळेकर चमकून वळले. त्यांना मी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी सभाच पुढे ढकलली असती. मी डबी उघडून सोंगाड्या हातावर घेतला, गावकरांसमोर धरला, हाऽ केलं, थेंब दाखवला. मग पंचा बांधला आणि पुन्हा हाऽ केलं. गावकरांनी चष्मा वर करून पाहिलं. काही दिसलं नाही.

"तोंड बांधून गेलेल्या माणसाची खूण उमटत नाही. आणि देवीसमोर तोंड बांधून कोण जातं, ते मला माहीत आहे."

म्हातारीचा हात ताटावरच राहिला. मला वाटलं, आता ते शब्दही मलाच उच्चारावे लागणार. तेवढ्यात आबा खांबाला धरून उठले.

"चोरी नाय झाली," ते म्हणाले. "घासताना माज्या हातसून बावडेत पडले. एक पडलो, एक टाकलंय. हेच्यात दिगंबराचो कायएक संबंध नाय."

एवढं बोलून ते खाली बसले. मग गलका झाला. कोणी म्हणालं, बावडी उपसून बघू. दुसरा म्हणाला, बावडीत हात घालायचा तर कौल लावायला हवा. मग सगळ्यांना एकदमच सुचलं असावं की कौल लावणार कोण, आणि गलका ओसरला. गावकरांनी आबांकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या घराण्याची पूजा त्या क्षणी संपली, हे मला कळलं, आणि आबांनाही. सहा पिढ्यांची पूजा माझ्या तोंडून गेली, याचं मला दुःख झालं आणि आजही होतं.

टिळेकर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "शामलताई, तो खुनाचा खटला." चेहरा पांढरा पडला होता त्यांचा. "आजच कळवायला हवं." मी मान हलवली. ते गाडीकडे गेले.

बायका म्हातारीला धरून देवराईच्या वाटेला लागल्या. दिगंबर मागे राहिला. मी डबीचं झाकण लावत होते, म्हणजे लावल्यासारखं करत होते.

"माका ठावक होतां," तो म्हणाला.

मी वर पाहिलं.

"त्या दिशी तू येतलंस म्हणान मी बावडेच्या वरसून, पाणंदीत थांबललंय. तुजे आबा काठार बसान घासत होते. तोंडाक फडकां होतां. एक डोळो पडलो तो बघलंय, दुसरो टाकलो तोय बघलंय."

त्या दिवशी आमच्याकडे मावशी आली होती, म्हणून मी गेले नव्हते. इतकं साधं कारण.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मी थंय कित्याक होतंय, ता सांगूक लागला असता." त्याने चढणीला लागलेल्या आईकडे पाहिलं. "आणि माका वाटला, तुका आबांनी सांगितलां आसतला. कौल पडलो तेवा तू तोंड फिरवलंस. मी म्हटलंय, हिका सगळां म्हायत आसा. बापासाटी गप रवली."

मला त्याच्या बोलण्याचा अर्थ लागायला वेळ लागला. एकवीस वर्षं मी त्याला चोर समजत होते, आणि तो मला.

"किड्याची साक्ष माका नको होती," तो म्हणाला. "केंद्राच्या कागदार तुजां नाव वाचलंय, म्हणान इलंय. म्हटला, नळी तिच्या हातात देवया. बघूया, आता तरी सांगता काय."

"दिगंबर, मला खरंच माहीत नव्हतं. काल कळलं."

"होय?"

"आईशपथ."

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी अशीच बघते लोकांकडे, रोज, नळी धरताना. मला आणखी बोलायचं होतं, मावशीचं सांगायचं होतं, चांदीबद्दलच्या त्याच्या त्या प्रश्नाचं सांगायचं होतं, पण जे जे सुचलं ते सगळं मागाहून रचल्यासारखं वाटलं असतं.

"बरां," तो म्हणाला, आणि आईच्या मागोमाग चढण चढू लागला.

त्याचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायला मी दोनदा गोव्याच्या गाडीत बसले आणि दोनदा उतरले. संशय घ्यायचा हक्क आता त्याचा आहे.